खानदेशातून नवं संगीत नाटक पाहायला जाताना

पहिल्यांदा संगीत नाटक पाहायला गेले तेव्हा मी हट्टाने पहिल्या रांगेतलं, अगदी कडेचं तिकीट काढलं होतं. एवढ्या लांबून जायचं तर जवळूनच पाहू, असा सरळ हिशेब. अडीच तास डावीकडचा स्पीकर कानात ओरडत होता आणि त्याच्यामागे कुठेतरी एक मुलगी फार सुरेख गात असावी, असा मला नुसता संशय येत होता. मान अवघडली ती वेगळीच.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं झाली. जळगावहून नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई अशा फेऱ्या चालू आहेत. कधी नणंद बरोबर असते, कधी सासूबाई, दोनदा एकटीच गेले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्यांना पहिल्यांदाच नवं संगीत नाटक गाठायचंय, त्यांना माझ्या चुका पुन्हा करायला लागू नयेत म्हणून हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हे नाटक ऐकायला जायचं असतं. गाव, तिकीट, खुर्ची, गाडी सगळं कानाच्या सोयीने ठरवा. डोळ्यांचं आपोआप होतं.

१. जाहिरातीतला 'संगीत' शब्द नीट वाचा

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि नवखा माणूस इथेच फसतो.

पहिली म्हणजे जुनी संगीत नाटकं नव्या संचात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आलं, 'सौभद्र' त्यानंतर दोन वर्षांनी. तिथपासूनची ही परंपरा. यात 'पदं' असतात. कथा थांबते, नट पद रंगवतो, ऑर्गन आणि तबला साथीला असतात, लोक 'वन्स मोअर' देतात. यातली बरीच नाटकं अलीकडे कापून-छाटून अडीच-तीन तासांत बसवतात. पूर्वी ती रात्र रात्र चालत.

दुसरी म्हणजे खरोखरची नवी संगीत नाटकं. यात गाणं सुरू झालं म्हणून कथा थांबत नाही, गाण्यातूनच पुढे सरकते. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं आणि बसवलेलं 'संगीत देवबाभळी' हे याचं ठळक उदाहरण. २०१७ साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई, आणि दोघीही स्वतः गातात. संगीत आनंद ओक यांचं. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाच्या नावामागे 'संगीत' लागत नाही, पण संभाजी भगतांची शाहिरी काढून घेतली तर ते नाटक लंगडं होईल. मी तर ते याच रांगेत बसवते.

तिसरी गोष्ट म्हणजे मधूनमधून गाणी वाजणारं साधं नाटक, किंवा चक्क गाण्यांचा कार्यक्रम. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही दोनशे-चारशे किलोमीटर त्यासाठी जाणार नाही.

ओळखायचं कसं? बुकिंगच्या खिडकीवर किंवा जाहिरातीतल्या नंबरावर फोन करून दोन प्रश्न विचारा. 'गाणी नट स्वतः गातात की ट्रॅकवर ओठ हलवतात?' आणि 'वादक समोर बसतात का?' पहिल्या प्रश्नाला 'ताई, या ना तुम्ही, मजा येईल' असं उत्तर आलं तर ट्रॅक आहे असं समजा. वादक नसले, वाद्यांचं रेकॉर्डिंग असलं तरी चालतं. दौऱ्यावरच्या नाटकाला पाच वादक घेऊन फिरणं परवडत नाही, हे मला आता कळतं. गळा मात्र समोरचा हवा.

२. 'येईल की आपल्याकडे' म्हणून किती थांबायचं?

मी दोन नाटकं या वाक्यापायी गमावली. एकाचे प्रयोगच बंद झाले. दुसरं आलं ते थेट एका संस्थेच्या वर्धापनदिनाला, पास असलेल्यांसाठी.

यामागचं गणित असं. मुंबई-पुण्याची मंडळी आपल्याकडे येतात ती बसने, नेपथ्याचा टेम्पो मागोमाग. एका प्रयोगासाठी एवढा खर्च निघत नाही. म्हणून सलग तीन-चार प्रयोग लागले तरच दौरा ठरतो, किंवा कुणीतरी पूर्ण प्रयोग विकत घेतो. त्याला 'कॉन्ट्रॅक्ट शो' म्हणतात. दोन पात्रांचं नाटक असं सहज फिरतं. वीस जणांचा ताफा, वादक आणि फिरता रंगमंच असलेलं नाटक फिरत नाही.

म्हणून नाशिकच्या तारखांवर डोळा ठेवा. एखादं नाटक शुक्रवारी नाशिकला असेल आणि रविवार कुठेच जाहीर झालेला नसेल, तर ते पुढे धुळे-जळगावकडे सरकण्याची शक्यता असते. धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह, नंदुरबारचं छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर, तिन्हींच्या फाटकाजवळचे फलक जाता-येता वाचायची सवय लावा. कॉन्ट्रॅक्ट शोची जाहिरात पेपरात उशिरा येते, फ्लेक्स आधी लागतो. तिकिटंही बहुतेकदा नाट्यगृहाच्या खिडकीआधी शहरातल्या एखाद्या मेडिकलवर नाहीतर पुस्तकांच्या दुकानात मिळतात.

मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. नाटक चांगलं आहे असं दोन भरवशाच्या माणसांनी सांगितलं की तीन महिने थांबायचं. नाही आलं तर आपण जायचं.

३. गाव निवडा

धुळेकरांना नाशिक सगळ्यात सोपं, महामार्गाने तीन तास. जळगाव-भुसावळकरांना रेल्वेने नाशिक रोड, पण तिथून महाकवी कालिदास कलामंदिर शालिमारला आहे. स्टेशनपासून रिक्षाने किंवा बसने अर्धा-पाऊण तास धरा. कालिदासचं नूतनीकरण झाल्यापासून तिथे आवाज चांगला येतो, निदान मला तरी आला.

छत्रपती संभाजीनगरला संत एकनाथ रंगमंदिर आहे. नकाशावर जळगावहून ते नाशिकपेक्षा जवळ दिसतं. नकाशावर घाट दिसत नाहीत. धुळ्याकडून जाताना कन्नडचा घाट, आपल्याकडून अजिंठ्याचा. दुपारचा प्रयोग असेल तर सकाळीच निघा. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तुमची नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं गाणं, गेली.

मुंबई-पुण्याला मुक्काम ठेवायचाच, असं समजून चाला. कारण पुढे येतंय.

४. तिकीट : प्लॅन कधी उघडतो ते विचारा

नाट्यगृहाच्या खिडकीवर 'प्लॅन' म्हणजे खुर्च्यांचा तक्ता. 'प्लॅन लागला' म्हणजे विक्री सुरू झाली. आता बुकमायशो आहे, प्रशांत दामलेंनी सुरू केलेलं 'तिकिटालय' आहे. घरबसल्या खुर्ची निवडता येते, बाहेरगावच्या माणसाला हे वरदानच. तरी तीन सापळे आहेत.

एक. आपल्याकडे येणाऱ्या पेपरात मुंबई-पुण्याच्या नाटकांच्या जाहिराती नसतात, कारण ती आपली आवृत्ती नसते. ई-पेपरमध्ये मुंबई किंवा पुणे आवृत्ती निवडून शनिवार-रविवारचं नाटकांचं पान पाहा. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी 'आजकाल नाटकंच होत नाहीत' म्हणून कुरकुरत होते.

दोन. ऑनलाइन सगळ्या खुर्च्या दिसतात असं नाही. काही खिडकीसाठी राखलेल्या असतात. मधली रांग भरलेली दिसली तरी एक फोन करून पाहा.

तीन. तिकीट काढल्यावर निवांत झोपू नका. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आणि निघायच्या आधी फोन करा. गाणाऱ्या नटाचा घसा बसला तर संगीत नाटकाचा प्रयोग रद्द होतो. साध्या नाटकात बदली नट उभा करता येतो, इथे ते अवघड. एकदा आम्ही चौघी पोहोचलो तर दारावर कागद चिकटवलेला. पैसे परत मिळाले, पण रजा आणि गाडीभाडं कोण देणार?

५. खुर्ची कुठली?

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातच निम्मं नाटक आहे.

पहिल्या तीन रांगा सोडा. तिथे चेहरे दिसतात पण आवाज तुटक येतो. गळ्याचा एकीकडून, स्पीकरचा दुसरीकडून, आणि रंगमंचावरची पावलं धप धप. साधारण सहावी ते बारावी रांग, मधला भाग, ही माझी जागा. तिथे दोन्ही बाजूंचे स्पीकर सारखे येतात आणि नटाचे डोळेही दिसतात.

तळमजल्याच्या अगदी मागच्या रांगा, ज्यांच्या डोक्यावर बाल्कनी येते, त्या गाण्यासाठी सगळ्यात वाईट. छताखाली आवाज दबतो, तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तर तिथवर येतच नाही. मागे बसायचंच असेल तर पैसे वाचवून सरळ बाल्कनीच्या पुढच्या रांगेत बसा. वर आवाज मोकळा येतो. समूहनृत्य असेल तर आकृत्याही वरूनच कळतात.

पंखे पाहा. वातानुकूलित म्हटलेल्या नाट्यगृहातही एसी बंद असण्याचा योग येतो आणि मग भिंतीवरचे पंखे घरघरतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करा म्हणायची सोय नाही, म्हणून पंख्याखालची खुर्ची घेऊ नका. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. आपल्या थंडीत पंखे बंद असतात आणि हळू म्हटलेली ओळही शेवटच्या माणसापर्यंत जाते. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरचा, त्याच्या पुढे-मागे नवीन प्रयोगांची गर्दीही असते.

कानाचं यंत्र वापरणारे कुणी बरोबर असतील तर त्यांना स्पीकरपासून लांब, मध्यभागी बसवा. सासूबाईंचं यंत्र एकदा अख्खा पहिला अंक शिट्ट्या मारत होतं. शेवटी त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, आता ऐकू येतंय.

६. गाडी : परतीचं तिकीट आधी काढू नका, असं नाही, पण...

मुंबई जळगावहून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी दादरला उतरता येतं. दुपारी चारचा प्रयोग शिवाजी मंदिरला, संपतो साडेसहा-सातला. मग वाटतं, रात्रीचीच गाडी धरू, मुक्कामाचा खर्च वाचेल.

मी तसं केलं. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. टॅक्सीत बसताना आतून टाळ्यांचा जो आवाज आला तो अजून आठवतो. संगीत नाटकात शेवटचं गाणं म्हणजे सगळ्या सुरांचा हिशेब असतो. पहिल्या अंकात गुणगुणलेली ओळ तिथे पूर्ण होते. ते सोडून मी स्टेशनवर गेले आणि गाडी दोन तास उशिरा आली.

तेव्हा हिशेब असा करा. नाटकाची दिलेली वेळ, अधिक पंधरा मिनिटं उशिरा सुरुवात, अधिक मध्यंतर लांबण्याची दहा मिनिटं, अधिक बाहेर पडायला वीस. त्यानंतर गाडीला दीड तास उरत नसेल तर मुक्काम करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांनी जळगावला गाडी बदलण्याचा वेळही यात धरावा. धुळेकरांना चाळीसगाव सांभाळावं लागतं.

आणि रात्रभर जागून दुपारी नाटकाला बसू नका. दुसऱ्या अंकात एखादी विलंबित, म्हणजे संथ लयीतली, चीज सुरू झाली की तुम्ही घोरणार. माझी नणंद घोरली आहे. शेजारच्या माणसाने फार सभ्यपणे पाय आपटला.

७. सोबत काय हवं

तिकिटाचा क्यूआर कोड फोटो काढून गॅलरीत ठेवा. नाट्यगृहाच्या दारात नेटवर्क जातं आणि मागची रांग खाकरायला लागते.

रेल्वेसाठी ओळखपत्र. खिडकीवरून काढलेलं कागदी तिकीट असेल तर तेच सोबत हवं, नुसता फोटो चालत नाही.

हलकी शाल, कारण जिथे एसी चालू असतो तिथे तो हिवाळ्यासारखाच चालू असतो. खोकल्याच्या गोळ्या, पण आवरण आधीच काढून डबीत ठेवलेल्या. तो चुरचुर आवाज हळुवार ओळीवर कुऱ्हाडीसारखा पडतो. लांबचा चष्मा. पाण्याची बाटली काही ठिकाणी दारातच ठेवून घेतात, तयारी ठेवा.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासासाठी. आत नको. मध्यंतरात बटाटावडा खायचा असतो, शिवाजी मंदिरला तर तो चुकवू नये, पण रांग पाहून एकाने आधी धावायचं.

फोन बंद. सायलेंट नाही, बंद. गाण्याचा व्हिडिओ काढू नका, शेजारी काढत असला तरी नाही. अंधारात उजळलेला पडदा रंगमंचावरून थेट दिसतो.

८. आधीच्या आठवड्यात कान थोडा तयार करा

'आम्हाला रागबिग कळत नाही' म्हणून लोक मागे सरतात. कळायची गरज नाही. खानदेशात वाढलेल्या माणसाच्या कानावर कानबाईची गाणी, वहीगायन, भारुड, बहिणाबाईंच्या ओव्या यातलं काहीतरी पडलेलं असतंच. नवी संगीत नाटकं पुष्कळदा याच घराण्याची असतात, ओवी आणि अभंगाच्या. 'देवबाभळी'त आवली भांडत भांडत गाते तेव्हा मला जात्यावरची आजी आठवली, कुठला राग ते आठवायची वेळच आली नाही.

तरी दोन गोष्टी करा. नाटक संतचरित्र किंवा पुराणावर असेल तर मूळ गोष्ट एकदा वाचून जा. आवलीच्या पायात काटा रुततो आणि तो विठ्ठल काढतो, ही कथा ज्याला ठाऊक नाही त्याची पहिली वीस मिनिटं शोधण्यात जातात. दुसरं, गाणी यूट्यूबवर असली तर एकदाच ऐका, पाठ करू नका. पाठ केलीत की तुम्ही तुलना करत बसाल.

जळगावकरांसाठी एक जोड. जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथे तीन रात्री बसलात तरी कान बराच उघडतो. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे धडे जळगावातच घेतले होते आणि त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह गावात आहे, हे आपल्याच पोरांना सांगावं लागतं.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही सोडू नका. तिकीट नाममात्र असतं. हौशी मंडळी कधी कधी गाण्याचं असं काही धाडस करतात की व्यावसायिकांना सुचणार नाही. कधी कधी फारच बेसूर गातात, तेही ऐकावं. चांगलं काय ते त्यामुळे कळतं.

९. आत बसल्यावर

तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर असा. जुन्या नाटकात नांदी पहिली असते, नव्या नाटकात पहिलं गाणंच कथेची किल्ली असतं.

टाळ्यांची रीत दोन्हीकडे वेगळी. जुन्या नाटकात तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की दाद द्या, 'वन्स मोअर' म्हणा, नट खूश होतो. नव्या नाटकात गाणं संपल्यासारखं वाटतं आणि लगेच त्याच सुरावर संवाद सुरू होतो. तिथे टाळी वाजवली की पुढचं वाक्य बुडतं. दिवा मंद होईपर्यंत हात मांडीवर ठेवा. 'वन्स मोअर' तर नकोच, मेलेली बाई पुन्हा उठून गाणार कशी?

एखादा शब्द कळला नाही तर शेजारणीला विचारू नका. गाण्यात तीच ओळ पुन्हा येते.

१०. मुंबईतली मोठी म्युझिकल्स

हा प्रकार वेगळा आहे, खर्चही वेगळा. २०१६ साली फिरोज अब्बास खान यांनी 'मुघल-ए-आझम' रंगमंचावर आणलं. त्यात अनारकली झालेली प्रियांका बर्वे आपलीच मराठी गायिका. कथ्थकचा तो ताफा पाहून मी मध्यंतरात वडा खायलाही उठले नाही. २०२३ साली बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर सुरू झालं, तिथल्या मोठ्या नाट्यगृहात सुमारे दोन हजार माणसं बसतात. परदेशी संचाची इंग्रजी म्युझिकल्स आता तिथे येतात.

इथे माझे नियम थोडे बदलतात. आवाजाची व्यवस्था इतकी चांगली असते की स्वस्तातली वरची खुर्चीही चालते, तेवढेच पैसे गाडीभाड्याला. इंग्रजी असेल तर मात्र कथा आणि गाण्यांचे बोल आधी वाचूनच जा. गाण्यातलं इंग्रजी बोलण्यातल्या इंग्रजीपेक्षा दुप्पट वेगाने पळतं. लोकमान्य टिळक टर्मिनसला येणारी गाडी मिळाली तर बीकेसी तिथून जवळ पडतं. आणि पोशाखाचं दडपण घेऊ नका, मी पैठणी नेसून गेले होते आणि सगळ्यात आरामात मीच होते.

खरं सांगायचं तर तिथली यंत्रं, झुंबरं, पाऊस सगळं पाहून डोळे दिपले, पण घरी येताना गुणगुणत होते ती दोन बायकांच्या नाटकातली ओळ.

११. पडदा पडल्यावर लगेच पळू नका

मराठी नाटकाला ही एक सोय आहे. प्रयोग संपल्यावर मागे जाऊन कलाकारांना भेटता येतं. कुणाची ओळख लागत नाही. रंगमंचाच्या बाजूच्या दाराशी थांबा, त्यांना रंग उतरवायला पाच मिनिटं द्या, थोडक्यात बोला. दोन तास गायलेल्या गळ्याला गप्पांत अडकवू नका. फोटो मागायचा तर एकच.

कालिदासला 'देवबाभळी' पाहिल्यावर सासूबाई माझ्याआधी त्या दाराशी पोहोचल्या होत्या. मी मनात चांगलं वाक्य जुळवत होते, संगीत, लेखन वगैरे. आवली झालेली मुलगी बाहेर आली तशा त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "माय वं, पाय बरा शे का आते?"